डावा शंख की उजवा?

प्रश्न असा आला आहे: "डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५० सालच्या शंखाच्या छापचित्राविषयी वाचताना 'सिनिस्ट्रल' हा शब्द भेटला. मराठीत 'वामावर्त' लिहिलं तर चालेल ना?"

नाही चालणार. कोशात दोन्ही शब्दांचा अर्थ 'डावा' असला, तरी प्रत्यक्षात ते एकमेकांच्या उलट आहेत.

शास्त्रज्ञ शंखाचे वेढे जिथून सुरू होतात ते टोक वर धरतात आणि तोंड आपल्यासमोर आणतात. तोंड उजव्या बाजूला आलं तर डेक्स्ट्रल, डाव्या बाजूला आलं तर सिनिस्ट्रल. आपल्या परंपरेत शंख पाहायचा तो फुंकायचं टोक, म्हणजे हेच वेढ्यांचं टोक, खाली आणि पन्हळ, म्हणजे तोंडाचं पुढे निघालेलं नळीसारखं टोक, वर ठेवून. शंख असा उलटा धरला की तोंडाची बाजूही बदलते. म्हणून देवघरात सर्रास दिसणारा वामावर्त शंख शास्त्राच्या भाषेत डेक्स्ट्रल आणि हजारो रुपये मोजून घेतात तो दुर्मीळ दक्षिणावर्त शंख सिनिस्ट्रल! उजव्या सोंडेचा गणपती म्हणताना नाही का, उजवी बाजू गणपतीची धरायची, आपली नव्हे.

रेम्ब्रांटचा शंख मात्र मुळात डावा नव्हताच. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. त्याने समोरचा शंकूच्या आकाराचा शंख जसा दिसला तसा कोरला, त्यामुळे छापात तो डावा झाला. गंमत म्हणजे सही त्याने आठवणीने उलटी कोरली, म्हणून ती सरळ वाचता येते. इटालियन अभ्यासक बुओनान्नीच्या १६८१च्या शंखग्रंथातही असेच उलटे शंख आहेत.

मग मराठीत लिहायचं काय? माझं मत 'डाव्या पिळाचा शंख' या शब्दांना. तोंडाची बाजू धरण्यावर अवलंबून असते, पण दोरी कुठल्याही टोकाने धरा, तिचा पीळ तोच राहतो. शंखाचंही तसंच. नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा फिरतो तो उजव्या पिळाचा, उलट फिरतो तो डाव्या पिळाचा. 'दक्षिणावर्त' हा शब्द पूजेसाठी राहू द्यावा.

आणि तो विकत घेणार असाल तर एक सांगतो: अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, जन्मतःच डाव्या पिळाचा एक वेगळाच शंख दक्षिणावर्त म्हणून खपवला जातो. तोंडातून आतल्या दांड्यावर बोट फिरवून बघा. आपल्या खऱ्या शंखाला तिथे तीन-चार वळ्या लागतात, त्या अमेरिकन शंखाचा दांडा गुळगुळीत असतो.