अ‍ॅडलेडला येताय आणि दोघांनाही वाइन आवडते, तर हे वाचा

नमस्कार. नाशिकहून अ‍ॅडलेडला निघालाय, व्हिसा हातात आलाय, नोकरी, भाड्याचं घर, शाळा यावर लोकांनी तुम्हाला भरपूर सांगितलंय, आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की लग्नापासून आम्ही दोघं वाइन जमवतो, चवीने पितो, घरात १४ बाटल्या आहेत, त्या आणता येतील का आणि परदेशातल्या धावपळीत ही आवड टिकते का. यात संकोच कसला, हा मोठा प्रश्न आहे. मी मूळची निफाडकडची, वडिलांची द्राक्षबाग, पण सगळी थॉमसन, खायची आणि बेदाण्याची, त्यामुळे द्राक्षाच्या घरात वाढूनसुद्धा वाइन पहिल्यांदा प्यायले ती लग्न झाल्यावर, गंगापूर रोडला, नवऱ्याबरोबर. तेव्हापासून ती आमची दोघांची गोष्ट आहे, आणि इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाटल्यांचं. ऑस्ट्रेलियात १८ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला २.२५ लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या बरोबर तीन बाटल्या, दोघांच्या मिळून सहा. सातवी टाकून बघू असं करू नका, कारण मर्यादा ओलांडली की ड्यूटी फक्त जास्तीच्या बाटलीवर लागत नाही, सगळ्यावर लागते. उरलेल्या आठ घरसामानाच्या कंटेनरमधून पाठवाव्यात असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, सामानातून मागून येणाऱ्या दारूला ही सवलत मिळत नाही, ड्यूटी येते, टॅक्स येतो, आणि वर बोटीतल्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे तापलेली वाइन हाती येते. पॅकिंगला गवत, पेंढा, लाकडी खोकं अजिबात नको, इथलं बायोसिक्युरिटी खातं फार कडक आहे. जाड टॉवेलात किंवा जुन्या साडीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा आणि उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर जे विचारलंय ते खरं खरं लिहा.

सहा कुठल्या, तर साधी शेनिन ब्लाँक आणि सोव्हिन्यों ब्लाँक इकडे आणू नका, या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच प्यायच्या असतात, निघायच्या आधी भाऊ-वहिनी, मित्रमंडळी बोलवा आणि संपवून टाका. ज्यांच्याशी तुमचं दोघांचं काही जोडलेलं आहे त्या आणा, लग्नाच्या वर्षाची असेल, मुलाच्या जन्माच्या वर्षाची लाल रिझर्व्ह शिराझ असेल. इथे नाशिकची वाइन दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका.

आल्यावर त्या ठेवायच्या कुठे हे आधीच सांगते कारण इथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी आणि पारा चाळिशीच्या वर सहज जातो, भाड्याची घरं पत्र्याच्या छपराची, दुपारी आतून तापतात. आपल्याकडे दक्षिणेकडची खोली तापते, इथे उलटं, सूर्य उत्तरेकडून फिरतो म्हणून घराची दक्षिण बाजू गार असते. घर बघायला गेलात की दक्षिणेच्या भिंतीला लागून एखादं कपाट आहे का बघा, बाटल्या तिथे आडव्या ठेवा. गॅरेजमध्ये आणि फ्रिजच्या वर नको. छोटा वाइन फ्रिज नंतर सेकंडहँड घेता येतो, पहिल्या वर्षी त्यात पैसे घालू नका.

आता खरी मजा. अ‍ॅडलेडला राहणं म्हणजे काय तर शहरातून निघून दक्षिणेला पाऊणएक तासात मॅक्लारेन व्हेल, ईशान्येला तासाभरात बरोसा, पूर्वेला अर्ध्या तासात अ‍ॅडलेड हिल्स, आणि उत्तरेला दोनएक तासांवर क्लेअर व्हॅली, अख्खा वाइनचा नकाशा घराच्या अंगणात. बरोसात तापमान जास्त, शिराझ दणकट. हिल्स उंचावर म्हणून गार, तिथे पांढरी शार्डने, लाल पिनो न्वार. क्लेअरची पांढरी राइसलिंग कडक आंबट, लिंबाच्या सालीसारखी. सगळे आल्या आल्या बरोसाला पळतात, माझं मत विचाराल तर पहिला शनिवार मॅक्लारेन व्हेलला घालवा, समुद्र जवळ, गर्दी कमी, आणि तिथली ग्रेनाश आपल्या जेवणाबरोबर जशी बसते तशी दुसरी कुठलीच लाल वाइन बसत नाही.

पण बरोसातल्या जुन्या वेली एकदा दोघांनी मिळून बघाच. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला मांडव, ओलांडे म्हणजे वेलीचे आडवे फाटे, काडी हे सगळं डोळ्यासमोर आहे, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते, पानं गळतात, जून ते ऑगस्टमध्ये एकदाच छाटणी आणि फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी. जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत, प्रत्येक वेल एकेकटी उभी, कंबरेएवढी, खोड मांडीएवढं जाड, काळं, पिळवटलेलं, साल हाताला लागली की पापुद्र्यासारखी सुटते, आणि त्याच्यावर कोवळी हिरवी फूट. टनंडा गावातल्या लँगमील वायनरीकडे १८४३ साली लावलेली शिराझ आहे आणि ती अजून फळ देते. हे शक्य झालं कारण एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, ऑस्ट्रेलियातही व्हिक्टोरिया राज्यात ती शिरली, पण आपल्या इथल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात आजपर्यंत आलेली नाही. म्हणून बागेच्या कडेला पाट्या दिसतील की आत पाय टाकू नका, ते मनावर घ्या, कारण कीड बुटाच्या मातीतून जाते. आणि गावाकडून वेलीची काडी, रोप, काहीही आणायचा विचारसुद्धा करू नका, माझ्या वडिलांनी फार हौसेने विचारलं होतं, मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. बरोसात वेलींना वयाप्रमाणे दर्जे आहेत, ३५ वर्षांवरची ओल्ड, ७० वर सर्व्हायव्हर, १०० वर सेंटेनरियन आणि १२५ वर अ‍ॅन्सेस्टर, बाटलीवर हे शब्द दिसले तर अर्थ माहीत असू द्या. वडील इथे आले तेव्हा त्या वेलींच्या बांधावर किती वेळ नुसते उभे होते, मग म्हणाले, आपल्याकडे पंधरा वर्षांत बाग काढून टाकतात.

सेलर डोअरला, म्हणजे वायनरीच्या टेस्टिंगच्या जागी, बहुतेक ठिकाणी आता टेस्टिंगचे पैसे घेतात आणि बाटली घेतली तर वळते करतात. पोरांना घेऊन जायला हरकत नाही, लॉन असतं, खेळतात. गाडीचं मात्र नीट समजून घ्या. पूर्ण लायसन्सवाल्याला रक्तात अल्कोहोलची ०.०५ टक्क्यांची मर्यादा, लर्नर किंवा पी-प्लेट, म्हणजे नवशिक्याचं तात्पुरतं लायसन्स, असेल तर शून्य, आणि पोलीस कुठेही, दुपारी दोन वाजतासुद्धा, गाडी थांबवून फुंकायला लावतात. हिशोब सांगते. इथलं एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, शिराझ १४ टक्क्यांची धरली तर ३० मिलीचे तीन घोट झाले की एक ड्रिंक. एका ठिकाणी पाच-सहा वाइन, अशी तीन ठिकाणं, झाले की पाच-सहा ड्रिंक, आणि वाटतं मात्र की आपण नुसतं चाखलंय. आमच्याकडे पाळी ठरलेली आहे, एका खेपेला तो चालवणार, पुढच्या खेपेला मी, आणि ज्याची पाळी तो वास घेतो, घोट तोंडात फिरवतो आणि थुंकपात्रात टाकतो. थुंकायची लाज वाटून घेऊ नका, वाइन बनवणारेसुद्धा दिवसभर तेच करतात. दारूचं म्हणाल तर इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १० ड्रिंकच्या वर नको आणि एका दिवसात ४ च्या वर नको असा आहे, आणि एका ७५० मिलीच्या बाटलीत साधारण आठ असतात. आम्ही हे पाळतो. आवड टिकवायची असेल तर प्रमाण पाळायलाच लागतं, हे मी अगदी मनापासून सांगते, कारण इथे वाइन स्वस्त आहे, १५-२० डॉलरला उत्तम बाटली येते, आणि नव्या देशात पहिल्या वर्षी संध्याकाळ फार लांब वाटते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आवड टिकते का. वाइन टिकते, ती दोघांची राहते का हा मुद्दा आहे. इथे आलं की नवरा-बायकोचं वेळापत्रक फुटतं. एकाला नोकरी आधी लागते, दुसरा घरी बसून अर्ज भरतो, मग दुसऱ्याला शिफ्ट मिळते, मी पहिली काही वर्षं एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या कामात, संध्याकाळच्या शिफ्टला होते, घरी यायचे तेव्हा घर झोपलेलं. अशात एक जण एकटाच टीव्हीसमोर ग्लास भरून बसायला लागला की ती तुमची वाइन राहत नाही, ती फक्त दारू होते. म्हणून आमच्या घरात पहिल्यापासून एकच नियम आहे, दोघं घरात असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. कधी आठवडा तसाच जातो, कधी दोन, काही बिघडत नाही.

आणि त्यात करायला काहीतरी ठेवा. आमच्याकडे एक जाड वही आहे, लांबट, दुकानदाराच्या खतावणीची असते तसली. नवरा एका पानावर गाव, वर्ष, द्राक्ष, किंमत लिहितो, समोरच्या पानावर मी लिहिते की त्या दिवशी स्वयंपाक काय होता आणि वाइन त्याबरोबर कशी लागली. भांडणं झाली आहेत त्या वहीवर, तो म्हणणार मिरीचा वास, मी म्हणणार ओल्या काथ्याचा. कधी एक जण बाटली कागदी पिशवीत घालून आणतो, गळ्यापर्यंत रबरबँड लावून, आणि दुसऱ्याने द्राक्ष ओळखायचं. पैसे कमी होते तेव्हा हा खेळ आम्ही क्लीनस्किनवर खेळायचो, क्लीनस्किन म्हणजे कंपनीच्या नावाशिवाय विकतात त्या बाटल्या, बॉटल शॉपमध्ये एका कोपऱ्यात असतात, बघत जा, त्यात फार चांगला माल निघतो. वाइन इथे सुपरमार्केटच्या मांडणीत मिळत नाही, बॉटल शॉप वेगळं असतं, आणि तिथल्या माणसाला सरळ विचारा की तिखट मटणाबरोबर काय घेऊ, आनंदाने सांगतात.

जेवणाचं आमचं वर्षानुवर्षांचं मत असं झालंय. तिखट आणि टॅनिन, म्हणजे लाल वाइनमधला तुरटपणा, एकत्र आले की तोंड जास्त भाजतं, म्हणून काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर दणकट लाल कॅबर्ने नको, ग्रेनाश थोडी गार करून घ्या. कोलंबी, मासे, कोथिंबीर वडी, अळूवडी यांना क्लेअर किंवा बरोसाला लागून असलेल्या ईडन व्हॅलीची राइसलिंग. दिवाळीत स्पार्कलिंग शिराझ, लाल आणि फेसाळ, ही इथली खासियत, चकली-चिवड्याबरोबर उघडून बघा. राइसलिंगला बूच नसून फिरकीचं झाकण असेल, त्याला हलकं समजू नका, क्लेअरच्या वाइनवाल्यांनी २००० सालच्या राइसलिंगपासून ठरवून एकत्र ते सुरू केलं, बुचामुळे वाइन खराब व्हायची म्हणून. वय वाढलं तसा या झाकणाचा आम्हाला फार उपयोग होतो, नवऱ्याला आता बीपीची गोळी आहे, डॉक्टरांशी बोलून तो अर्धा ग्लास घेतो, झाकण फिरवून बाटली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बिनघोर राहते. पूर्वी आम्ही दोघं जड शिराझच्या मागे होतो, आता हलकं, गार हवामानातलं जास्त आवडतं, दोघांची जीभ साधारण एकाच वेळी बदलली याचं मला फार बरं वाटतं.

एक राहिलं. तुमच्या मिसेसना या क्षेत्रात काम करायचं मनात आहे असं लिहिलंय. अ‍ॅडलेड विद्यापीठाचा वेट कॅम्पस वाइन आणि द्राक्षशेतीच्या शिक्षणासाठी जगभर ओळखला जातो, पण फी भरायच्या आधी एक हंगाम काम करून बघू दे त्यांना. फेब्रुवारी ते एप्रिल वायनऱ्यांना सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते त्या जागी, हंगामी माणसं लागतात, काम ओलं, जड आणि लांब तासांचं असतं, टाक्या धुवायच्या, पाइप ओढायचे. जाहिराती त्याच्या काही महिने आधीच येतात, म्हणून जानेवारीत उतरणार असाल तर अर्ज तिकडूनच टाकायला लागा, आणि व्हिसावर कामाची काय अट आहे ते पत्र दोनदा वाचा.