वारसा एक, टेबले किती?

प्रश्न : मार्केट यार्डातील एका व्यापाऱ्यासाठी मी जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि हायबरनेट (जावातील ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत साठवणारे साधन) वापरून खरेदी-विक्रीचे व गोदामाचे सॉफ्टवेअर लिहीत आहे. ‘माल’ हा मूळ क्लास (ऑब्जेक्टचा साचा) असून ‘कच्ची हळद’, ‘पॉलिश हळद’ आणि ‘बेदाणा’ हे त्याचे गुणधर्म वारशाने घेणारे उपक्लास आहेत. सर्वांचे एकच टेबल करावे की प्रत्येकाचे वेगळे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टेबलांआधी आपण उपक्लास पुन्हा तपासावेत. आज कच्ची असलेली हळद उद्या पॉलिश होऊन त्याच गोदामात परत येते. पण जावामध्ये तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही आणि हायबरनेटही साठवलेल्या नोंदीचा प्रकार बदलू देत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी जुनी नोंद काढून नवी करावी लागेल आणि खरेदीच्या पट्टीशी (बिलाशी) जुळलेला तिचा दुवा तुटेल. पॉलिश ही मालाची अवस्था आहे, प्रकार नव्हे. ‘हळद’ हा एकच क्लास ठेवून अवस्थेसाठी त्यात एक रकाना द्यावा. पॉलिशमधील घटही तेथेच नोंदवता येईल.

आता उरलेल्या हळद व बेदाणा या दोन प्रकारांसाठी मी निःशंकपणे एकच टेबल सुचवेन. व्यापारी रोज एकूण शिल्लक विचारणार, आणि ती टेबलांच्या कोणत्याही जोडणीशिवाय एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) मिळते. अडचण एकच : फक्त बेदाण्याला लागणारा कोल्ड स्टोरेजचा पावती क्रमांक हळदीच्या ओळीत रिकामा राहणार असल्याने त्या रकान्यावर ‘नॉट नल’ (रिकामा चालणार नाही) ही अट लावता येत नाही. त्याऐवजी ‘प्रकार बेदाणा असेल तर पावती क्रमांक हवाच’ अशी चेक अट डेटाबेसमध्येच घालावी. मात्र मायएसक्यूएल हा डेटाबेस अशी अट ८.०.१६ या आवृत्तीपासूनच पाळते, त्याआधी ती मुकाट्याने दुर्लक्षिली जात असे. ओळ हळदीची की बेदाण्याची हे सांगणाऱ्या प्रकाराच्या रकान्यात मूल्य म्हणून स्वतः ठरवलेले छोटे संकेत द्यावेत, कारण ते न दिल्यास तेथे एन्टिटीचे (टेबलात साठवल्या जाणाऱ्या क्लासचे) नाव साठते आणि पुढे ते नाव बदलले की जुन्या नोंदी ओळखल्या जात नाहीत.

उपक्लासांचे स्वतःचे रकाने पुष्कळ वाढले, तर मूळ टेबलाला जोडलेली वेगळी टेबले करावीत. प्रत्येक प्रकाराचे पूर्ण स्वतंत्र टेबल मात्र येथे टाळावे. पट्टीतील फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे नेणारा दुवा) एकाच वेळी दोन टेबलांकडे बोट दाखवू शकत नाही.