रॉड जिथे संपतो तिथे दुखतं

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५२, कराडजवळ एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. १९८७ साली मी आठवीत असताना आईच्या लक्षात आलं की माझा एक खांदा वर आणि एक खाली आहे, मग मुंबईला नेलं, पाठीला बाक आहे म्हणाले आणि ऑपरेशन करून हॅरिंग्टन रॉड घातला, नंतर सहा महिने छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर. पुढे बरीच वर्षं काहीच त्रास नव्हता, लग्न झालं, दोन मुलं झाली, मी विसरूनही गेले होते की पाठीत रॉड आहे. आता पाच-सहा वर्षं झाली कंबर धरते, सकाळी बरी असते पण दुपारनंतर उभं राहवत नाही, पोळ्या लाटताना कोपर ओट्यावर टेकवते, वर्गात फळ्याला हात लावून उभी राहते, मांड्या भरून येतात, आणि मिस्टर म्हणतात तू हल्ली वाकून चालतेस. मेडिकलमधून गोळी आणून रोज घेते, त्याशिवाय शाळा होत नाही, वर बीपीची गोळी पण चालू आहे. एक डॉक्टर म्हणाले रॉड काढून टाकू, दुसऱ्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं रॉड जागेवर आहे, काही झालेलं नाही, वयाचं दुखणं आहे, मनावर घेऊ नका. सासूबाई म्हणतात लोखंड थंडीत गार पडतं म्हणून दुखतं. मी नक्की कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, पोळ्या लाटताना कोपर टेकवते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निम्मं निदान त्या एका वाक्यात आहे. रॉड जागेवर असेलही, पण रॉड जागेवर असणं आणि तुम्ही सरळ उभं राहू शकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत कोणी बघितलेली दिसत नाही.

थोडं मागे जाऊ. हा रॉड पॉल हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन सर्जनने टेक्सासमधल्या ह्यूस्टनला तयार केला, पोलिओ झालेल्या मुलांच्या पाठी वाकायच्या त्यांच्यासाठी, आणि १९६२ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. त्याआधी अशा मुलांना प्लास्टरमध्ये महिनोन्महिने झोपवून ठेवायचे, त्यामुळे या रॉडने हजारो पोरांचं भलं केलं हे आधीच सांगतो, आजकाल त्याला नावं ठेवायची फॅशन आहे म्हणून. काम कसं करायचा तर वर एक हुक, खाली एक हुक, मध्ये रॉड, आणि गाडीचा जॅक चढवतो तसं एकेक दात चढवत मणके ताणायचे, मग बाजूला हाडाचे तुकडे पसरायचे म्हणजे काही महिन्यांत ते मणके एकमेकांना जुळून एकच हाड होतं. पाठ समोरून बघितली तर सरळ झाली.

पण माणूस बाजूनेही बघायचा असतो. आपल्या कमरेला मागे एक खोलगट बाक असतो, उताणं झोपलं की कमरेखाली हात जातो ना, तो. त्या बाकामुळे डोकं बरोबर खुब्यांच्या वर राहतं. ताणणाऱ्या सरळ रॉडने बाजूचा वाकडेपणा काढला तसा बऱ्याच जणींचा हा चांगला बाकही काढून टाकला, विशेषतः रॉड कमरेत खालपर्यंत गेला असेल तर. मग शरीर सगळं पुढे झुकतं. तरुणपणी काही कळत नाही, कारण रॉडच्या खाली जे एक-दोन मोकळे सांधे उरलेले असतात ते मागे वाकून सगळं सांभाळून घेतात, पाठीचे आणि ढुंगणाचे स्नायूही जोरात असतात. पंचवीस-तीस वर्षं पाच सांध्यांचं काम दोघांनी केलं की त्यांच्या मधल्या चकत्या झिजतात, त्यात पाळी गेल्यावर स्नायू आणि हाडं दोन्ही उतरतात, आणि मग तुम्ही लिहिलंय तसंच होतं बघा, सकाळी बरं, दुपारी पुढे झुकणं, नजर समोर ठेवायला गुडघे किंचित वाकवून उभं राहणं, म्हणून मांड्या भरून येणं, आणि काहीतरी टेकायला शोधणं. बाजारात रिकामी ट्रॉली ढकलताना किंवा सायकल हातात धरून चालताना बरं वाटतं का? अशा पेशंटना बहुतेक वाटतं. याला फ्लॅटबॅक म्हणतात, आणि हे मनाचं अजिबात नाही.

घरी एक करून बघा, नुसतं अंदाज यायला. भिंतीला टाचा लावा, गुडघे पूर्ण सरळ, ढुंगण भिंतीला, आणि मान न ताणता डोकं टेकतंय का बघा. सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा. संध्याकाळी डोकं भिंतीपासून लांब राहत असेल किंवा गुडघे आपोआप वाकत असतील तर स्पाइन सर्जनला हेच शब्द सांगा. आणि एक्स-रे मागाल तो उभं राहून, डोक्यापासून खुब्यापर्यंत एकाच फोटोत, समोरून आणि बाजूने, गुडघे सरळ ठेवून. झोपवून काढलेल्या कमरेच्या एक्स-रेत ही गोष्ट दिसतच नाही, एमआरआयही झोपवूनच काढतात, म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना 'काही नाही' असं वाटलं असणार. तालुक्याच्या ठिकाणी हा मोठा एक्स-रे मिळेलच असं नाही, कोल्हापूर-पुण्याकडे चौकशी करावी लागेल.

फ्लॅटबॅकच आहे असं मी पत्रावरून ठरवत नाहीये. अशा जुन्या ऑपरेशननंतर आणखी कारणं असतात, रॉडखालची नस दबणं (त्यात पाय दुखतो, चालताना बसावं लागतं), माकडहाडाच्या बाजूचा सांधा दुखणं, कुठेतरी हाड जुळलेलंच नसणं. शेवटच्या प्रकारात रॉड पुढेमागे तुटतो, कारण हाड जुळलं नाही तर सगळा भार धातूवर येतो आणि धातू थकतो. उलट हाड पक्कं जुळलेलं असेल आणि रॉड तुटलेला दिसला तर घाबरण्यासारखं बहुतेक काही नसतं. हाड जुळलंय का ते सीटी स्कॅनमध्ये चांगलं कळतं.

आता रॉड काढण्याबद्दल. हे मला जरा स्पष्टच बोलू दे. रॉडमध्ये जंतुसंसर्ग झालाय, हुक कातडीखाली टोचतोय, किंवा सैल झालेला तुकडा त्रास देतोय असं असेल तर काढण्यात अर्थ आहे. नुसतं दुखतंय म्हणून काढला तर दुखणं जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, कारण दुखतंय रॉडच्या खाली, आणि हरवलेला बाक रॉड काढल्याने परत येत नाही, हाड तर जुळलेलंच राहतं. वर काही जणांत काढल्यानंतर बाजूचा जुना वाकडेपणा परत वाढल्याचंही बघायला मिळालंय. कमरेचा चांगला बाक परत आणायचा तर मणक्याचं हाड पाचरीसारखं कापून नव्याने स्क्रू-रॉड घालावे लागतात, ते ऑपरेशन मोठं आहे, तासन् तास चालतं, रक्त जातं, गुंतागुंतीचं प्रमाण कमी नाही. चालणंच बंद व्हायला आलंय अशांना ते नवं आयुष्य देतं हेही खरं. तुम्ही अजून शाळा करताय, म्हणजे आधी बाकीचं सगळं नीट करून बघायला भरपूर जागा आहे.

बाकीचं म्हणजे पहिलं, ती मेडिकलमधली गोळी. बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक असणार, पॅरासिटामॉल जोडून. रोज, वर्षानुवर्षं, बीपीच्या गोळीबरोबर... ताई, किडनी दुखत नाही हो, ती न सांगता जाते. या आठवड्यात क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या, बीपी मोजा, आणि बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा, कारण या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मग तिकडचा डोस वाढवत बसतात. साधी पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये, नसांच्या दुखण्यावरची गोळी रात्री, असं डॉक्टर बसवून देतात, मोठ्या शहरांत पेन क्लिनिकही आहेत. नसांच्या गोळ्या सुरू केल्या तर मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. त्याच वेळी हाडांची घनता तपासा, पण कमरेत धातू आणि जुळलेलं हाड आहे त्यामुळे तिथला आकडा फसवा येतो, खुबा आणि मनगटाची मोजायला सांगा. व्हिटॅमिन डी आणि बी-१२ पण.

दुसरं, व्यायाम. फिजिओथेरपिस्टला रॉड कुठल्या मणक्यापर्यंत आहे ते एक्स-रेत दाखवा, नाहीतर यूट्यूबवरचं कमरेचं पॅकेज तुम्हालाही मिळेल. तुम्हाला हवेत ढुंगणाचे आणि पाठीचे स्नायू जोरात, खुब्याच्या पुढचे स्नायू मोकळे (ते आखडले की माणूस आणखी पुढे झुकतो), आणि चालणं, थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालणं मिळालं तर उत्तम. पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे धरणं, हे सोडा, जुळलेले मणके वाकणार नाहीत मग सगळा वाक त्या खालच्या दोन दमलेल्या सांध्यांवर येणार. योगाच्या क्लासमधल्या मॅडम म्हणतील हळूहळू जमेल. नाही जमणार, तिथे सांधाच नाहीये. आणि कमरेला लाथ मारून मणका बसवून देणारे जे कोणी तुमच्या भागात प्रसिद्ध असतील त्यांच्याकडे पाऊलही टाकायचं नाही.

तिसरं घरचं. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा, त्यावर अर्धवट टेकून पोळ्या लाटा, उभं राहावंच लागलं तर एक पाय छोट्या पाटावर आणि थोड्या वेळाने दुसरा. कणीक भिजवायचं काम मिस्टरांना द्या, हात चांगले होतात. जमिनीवर मांडी घालून चकल्या पाडणं, पंगतीला पाटावर बसणं बंद, खुर्ची मागायची लाज वाटून घेऊ नका. वर्गात तास बसून घेतला तर मुलं काही कमी शिकत नाहीत. दुपारी शाळेत दहा-पंधरा मिनिटं आडवं व्हायला एखादा बाक मिळाला तर ठणका लागायच्या आधीच आडवं व्हायचं, लागल्यावर नाही. यात सगळ्या बायका एकच करतात, जरा बरं वाटलं की त्याच दिवशी माळा काढतात, गोधड्या धुतात, आणि मग तीन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही ठरलेलंच काम, हे सगळ्यात अवघड औषध आहे आणि तेच लोक घेत नाहीत.

सासूबाईंना सांगा रॉड अंगाच्याच तापमानाला असतो. पण थंडीत स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं हे त्यांचं निरीक्षण चूक नाही, शेक घ्या, फक्त ऑपरेशनच्या व्रणाजवळ कातडी बधिर असते तिथे गरम पिशवी थेट लावू नका, भाजलेलं कळत नाही.

आणि हे मात्र वाट न बघता : लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप येऊन पाठ दुखणं, जुन्या व्रणातून पाणी किंवा पू येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : मी २७ वर्षांची, पुण्यात असते. दहावीनंतर स्कोलिओसिससाठी, म्हणजे पाठ बाजूला वाकली होती म्हणून, टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड बसवलेत. आता पाचवा महिना आहे, सगळे म्हणतायत सिझरच होणार आणि पाठीत इंजेक्शनही देता येणार नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल. खरं आहे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी आत्तापासून ठरवून टाकायचं कारण नाही. रॉड आहे म्हणून सिझर, असा नियम नाही, ओटीपोटाची हाडं त्या ऑपरेशनमध्ये सहसा येत नाहीत आणि अशा बऱ्याच मुलींचं बाळंतपण नॉर्मल होतं. इंजेक्शनचं म्हणाल तर तुमचे स्क्रू कुठपर्यंत गेलेत त्यावर आहे. कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांमध्ये जागा मोकळी असेल तर बहुतेक वेळा सुई जाते, तिथपर्यंत हाड जुळलेलं असेल तर अवघड होतं, कधी औषध एकाच बाजूला पसरतं आणि अर्धवट भूल लागते. म्हणून सातव्या महिन्यात जुना एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन भूलतज्ज्ञांना भेटा, कळा सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता नाही. जुना एक्स-रे घरात सापडतोय का ते आजच बघा, गरोदरपणात नवा काढायची वेळ येऊ नये. शेवटच्या तीन महिन्यांत पाठ जास्त दुखेल, ती बऱ्याच जणींची दुखते, त्यावरून स्क्रू सैल झाला असं समजू नका.

प्रश्न : वडिलांचं कमरेचं फ्यूजन (मणके जोडायचं ऑपरेशन) होऊन दहा वर्षं झाली, परत पाय दुखतोय. एमआरआयला नेलं तर तिथल्या माणसाने आत धातू आहे म्हणून परत पाठवलं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : मणक्यातले स्क्रू-रॉड टायटॅनियमचे असोत की स्टीलचे, बहुतेकांचा एमआरआय करता येतो, ते हाडात घट्ट बसलेले असतात. अडचण फोटोची असते, धातूभोवती काळे डाग येतात, स्टीलला जास्त, टायटॅनियमला कमी. ऑपरेशनचे कागद घेऊन जा, पेसमेकर वगैरे काही असेल तर ते आधी सांगा, आणि सेंटरला धातूसाठीची वेगळी सेटिंग आहे का ते फोनवरच विचारा, म्हणजे वडिलांना रिक्षातून खड्डे खात दोनदा न्यावं लागणार नाही. नाहीच जमलं तर सीटी स्कॅन आहे, गरज पडल्यास मणक्यात औषध सोडून काढतात तो.