टॉवर आणि फायबरवर काम करणाऱ्या टीमचे रग्ड (दणकट) फोन कसे सांभाळावेत?

एमडीएम, म्हणजे सगळे फोन एकाच ठिकाणाहून सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्याच. पण टेलिकॉमचा तंत्रज्ञ बरेचदा जिथे नेटवर्क पडलंय तिथेच असतो, हे विसरू नका. हरवलेला फोन दुरून पुसण्याची कमांड तो ऑनलाइन आल्याशिवाय पोहोचत नाही. म्हणून एन्क्रिप्शन, ऑटो लॉक आणि ठरावीक वेळा पिन चुकला की डेटा पुसला जाणं, हे नियम आधीच फोनवर बसवून ठेवा. जॉबशीट आणि साइटचे नकाशेही ऑफलाइन उघडले पाहिजेत.

अपडेट आधी मोजक्या फोनवर, मग सगळ्यांना. तेही रात्री चार्जिंगवर असताना.

आयपी 67 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग) म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, तेही गोड्या पाण्यात. पोर्टचं रबरी झाकण उघडं राहिलं तर त्याचाही भरवसा नाही. बॅटरी बदलता येणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.