चेहरे करडे का येतात?

प्रश्न : मी इल्फर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर घरातल्या माणसांची व्यक्तिचित्रे टिपतो. निगेटिव्ह ठीक वाटते, पण प्रिंटमध्ये चेहरे सपाट आणि करडे दिसतात. काय चुकत असावे?

उत्तर : दोष बहुधा फिल्मचा नसून प्रकाशाचा आहे. समोरून येणाऱ्या मऊ उजेडात नाकाची सावलीच पडत नाही; म्हणून व्यक्तीला खिडकीशी आडवे बसवावे आणि दुसऱ्या गालाच्या बाजूला काळे कापड धरून तिकडून परतणारा उजेड तोडावा. लेन्सवर लाल फिल्टर लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने त्वचा पिठासारखी पांढरी पडते व ओठ जवळजवळ नाहीसे होतात. पिवळसर हिरवा फिल्टर ओठांना गडदपणा देतो. एवढ्याने न भागल्यास आयडी-११ डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात (१+१, म्हणजे द्रावणाइतकेच पाणी; २० अंश सेल्सिअस) १३ मिनिटांऐवजी १५ मिनिटे देऊन पाहावीत. सावल्या त्याने फारशा बदलत नाहीत, उजळ भाग मात्र निगेटिव्हवर दाट होतात, तेव्हा कपाळ आणि नाकाचा शेंडा नीट तपासावा. हातातल्या निगेटिव्हसाठी मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलून ज्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक कमीजास्त करता येतो तो प्रिंटचा कागद) २ ऐवजी ३ क्रमांकाचा फिल्टर लावावा, म्हणजे हा फरक वाढेल. खरे तर मी आधी हेच करून पाहीन.