छाटणीच्या छोट्या व्यवसायासाठी चिपर ४ इंची घ्यावा की ६ इंची?

तीन माणसं, एक पिकअप, सोसायट्या-बंगल्यांतली छाटणी, आणि मन फांद्यांचे बारीक तुकडे (चिप्स) करणाऱ्या ४ इंची पेट्रोल चिपरवर बसलंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर तो घेऊ नका. इंचांपेक्षा, म्हणजे कमाल किती जाड फांदी चालते त्यापेक्षा, फांदी आत कशी जाते ते आधी बघा.

स्वस्त ४ इंची यंत्रांत बहुधा ओढणारे रोलर नसतात. फांदी होपरमध्ये (तोंडाच्या नरसाळ्यात) टाकायची, पुढे पातंच तिला खेचतं. सरळ काठीला हे पुरतं. पण गुलमोहर, आंबा, वर्षावृक्ष ही सगळी बेचक्यांची झाडं. बेचकं तोंडाशी अडकतं आणि एक माणूस दिवसभर कोयत्याने डहाळ्या साळत बसतो. ती मजुरी यंत्राच्या किमतीत धरून बघा. हायड्रॉलिक रोलर बेचकं दाबून आत घेतात. त्यांच्यासोबत ‘नो-स्ट्रेस’ सोय हवीच: इंजिनाचे फेरे उतरले की रोलर थांबतात, फेरे भरले की पुन्हा फिरतात. ती नसेल तर इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून लीव्हर मारत राहावं लागतं.

६ इंची म्हणजे कमाल ६ इंच. रोजच्या कामाला ४ इंच धरा. त्याहून जाड लाकडाला सरपणवाला पैसे देतो, ते चिपरमध्ये कशाला घालायचं?

पाती ड्रमवर (फिरत्या रुळावर) बसवलेली हवीत की डिस्कवर (चपट्या चकतीवर), हे तुमच्या झाडांवर ठरेल. डिस्कचे चिप्स एकसारखे पडतात, पाती बदलायलाही सोपी. ड्रम वेड्यावाकड्या, पसरट फांद्या जास्त मुकाट्याने घेतो. मात्र नारळाच्या झावळ्या दोन्हींना त्रास देतात, कारण त्यांचे धागे कापले न जाता शाफ्टला गुंडाळतात आणि बेअरिंगपर्यंत पोचतात. काम कोकणपट्टीत असेल तर झावळ्यांसाठी हातोड्यांचा श्रेडर वेगळा बघा. (काही विक्रेते श्रेडरलाच चिपर म्हणतात. आत धारदार पाती आहेत की बोथट हातोडे, हे झाकण उघडून पाहा.)

ट्रॅक्टर घरचा असेल तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा चिपर सगळ्यांत परवडतो, दुसरं इंजिन सांभाळावं लागत नाही. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचे पीटीओला साधारण ३८ मिळतात, ६ इंचीला तेवढे पुरतात. शाफ्टचा शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा) तुटला तर तसाच बोल्ट घाला. जाड, कडक बोल्ट ठोकला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स जातो. ट्रॅक्टर नसेल तर २५ ते ३५ एचपीचं डिझेल इंजिन बघा. चाकांवरचं यंत्र पिकअपमागे ओढायचं असेल तर नोंदणीचं आरटीओत आधी विचारून घ्या.

खरा खर्च पात्यांचा. फांद्या मातीतून ओढत आणल्या की वाळूने धार जाते. सोसायटीच्या झाडांत खिळे, तारा, दिव्यांच्या माळांचे हुक असतात. चिप्स स्वच्छ कापलेले न पडता लांब, धाग्याधाग्यांचे पडायला लागले, की धार गेली समजा. पाती नेहमी सगळी एकदम पाजवा आणि वजनं सारखी ठेवा, नाहीतर रोटर (पात्यांचा ड्रम किंवा डिस्क) थरथरतो आणि बेअरिंग खातो. पातं आणि समोरचं स्थिर पातं यांतली फट बहुतेक यंत्रांत १ ते २ मिलिमीटर असते, नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पाजवल्यावर पातं झिजून फट वाढते, ती पुन्हा लावायची राहून जाते, आणि दोष मात्र इंजिनाला जातो. दोन उलटी करता येणारी पाती असलेलं यंत्र घ्या आणि पात्यांचा एक जादा संच त्याच बिलात मागा.

डेमोला विक्रेता निलगिरीची सरळ वाळकी काठी घालून दाखवेल. तुम्ही आपला माल न्या: गुलमोहराचं ओलं बेचकं, पाल्यासकट आंबा, अशोकाचे शेंडे. दहा मिनिटं सलग घाला. ओला पाला तुंबतो तो बाहेर फेकणाऱ्या नळीत, आणि फेरे कमी असले की आणखीच. मधूनमधून एखादी जाड फांदी घातली की ती पाला पुढे ढकलते. तुंबलेली नळी किती नट काढल्यावर उघडते, तेही तिथेच मोजा.

घालताना बुंध्याकडचं टोक आधी, उभं राहायचं बाजूला, हातमोजे मनगटाला घट्ट. रोलर उलटा फिरवणारा दांडा होपरच्या तोंडाशी, मांडीने ढकलला तरी चालेल असा हवा. आणि झाडावर चढणाऱ्याचा दोर चिपरच्या आसपासही नको. फांदीला गुंतलेला दोर आत गेला, तर रोलरच्या नव्हे, ड्रमच्या वेगाने ओढला जातो.