स्वालबार्डमधून गावची जुनी ज्वारी मागवता येईल का?

स्वालबार्डमधून नाही. नॉर्वेतल्या त्या बियाण्यांच्या तिजोरीत उणे १८ अंशांत ठेवलेली खोकी पाठवणाऱ्या बीजपेढीच्याच मालकीची राहतात, इतरांना ती उघडताही येत नाहीत. २०१५ मध्ये पहिल्यांदा खोकी परत नेली ती इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची पेढी त्यांच्या हातची गेली होती.

तुम्ही इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेची पाटणचेरूची जीन बँक (बीजपेढी) गाठा. हैदराबादजवळच आहे, म्हणजे आयात परवान्याचा प्रश्न येत नाही. आधी जेनेसिस या बीजपेढ्यांतल्या नमुन्यांची यादी देणाऱ्या संकेतस्थळावर शोधा, पण नुसत्या नावावर विसंबू नका: ‘दगडी’ हे वाणाचे नाव इंग्रजीत कोणी कसेही लिहिलेले असते. नमुना कुठल्या भागातून गोळा केला ते पाहा आणि ‘आयएस’ने सुरू होणारा नमुन्याचा क्रमांक टिपून ठेवा. मागणीसोबत एसएमटीए हा नमुना देण्याघेण्याचा ठरावीक करार मान्य करावा लागतो. आंतरराष्ट्रीय बीज करार २००४ मध्ये लागू झाला, त्यातलाच हा कागद. बियाणे संशोधन, पैदास व प्रशिक्षणासाठी असते आणि मिळाले त्या रूपात त्यावर मालकी हक्क सांगता येत नाही. हेतू स्पष्ट लिहा.

पाकीट काही ग्रॅमचेच येते. हजार दाण्यांचे वजन ३३ ग्रॅम धरले तर ५ ग्रॅमात दीडशे दाणे. म्हणून सगळे एकाच वर्षी पेरू नका, निम्मे राखून ठेवा.

खरी चूक होते ती फुलोऱ्यात. ज्वारी बरीचशी स्वपरागित असली तरी शेजारच्या संकरित वाणाचे पराग येतातच. कणीस निसवले, पण शेंड्याला फुले उमलली नाहीत, तेव्हाच कागदी पिशवी चढवा. उशीर झाला असेल तर उमललेला शेंडा कापून मग बांधा. दाणे धरल्यावर पिशवी काढा, नाहीतर आत अळी आणि बुरशी. काढणीत ‘चांगली’ चार कणसे निवडू नका. प्रत्येक ताटाचे सारखे दाणे घ्या, नाहीतर वाणातली विविधता तिथेच संपते. काणी हा कणसाचा बुरशीजन्य रोग टाळायला पेरताना किलोला ४ ग्रॅम बारीक गंधक (३०० मेश) चोळा.

बी सावलीत वाळवा, मग सिलिका जेलसह हवाबंद बरणीत घालून फ्रिजमध्ये. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, गार बियांवर दव धरते. बाजरीला मात्र हे पिशवीचे तंत्र जसेच्या तसे लावू नका, ती परपरागित आहे, म्हणजे बहुतेक दाणे दुसऱ्या ताटाच्या परागावर धरतात.